पोस्टग्रेसमधला पॅच वर्षानुवर्षं चर्चेत का राहतो

ही ओळ टेबलात असेल तर बदला, नसेल तर नवी घाला. डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे लागतंच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय बरीच आधीपासून होती. पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या खुल्या डेटाबेसमध्ये ती जानेवारी २०१६ मध्ये, ९.५ या आवृत्तीत आली. तोवर अधिकृत दस्तावेजात उदाहरण म्हणून एक छोटं फंक्शन दिलेलं असे: आधी अपडेट करून बघा, ओळ सापडली नाही तर इन्सर्ट करा, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी तीच ओळ घातल्यामुळे एरर आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ते फंक्शन जसंच्या तसं उचलून वापरणाऱ्यांपैकी मीही एक.

एवढ्या साध्या मागणीला इतकी वर्षं कशी लागतात, हा प्रश्न तेव्हा फार छळायचा. जुन्या चर्चा वाचायला लागल्यावर हळूहळू उमगलं, की पोस्टग्रेस बांधणाऱ्या मंडळींच्या पॅचवरच्या, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवरच्या, हुज्जतीची मुळं प्रकल्पाच्या जन्मात आहेत आणि वाटेत लागलेल्या ठेचांमध्येही.

जन्म विद्यापीठातला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात इन्ग्रेस हा रिलेशनल डेटाबेस बांधला होता. त्याच्या पुढचं पाऊल म्हणून १९८६ मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू झालं. सुरुवातीचा काही भाग चक्क लिस्प भाषेत होता, नंतर सगळं सी भाषेत आणलं गेलं. स्टोनब्रेकर यांचा एक निर्णय मात्र आजही रोज जाणवतो. ओळ बदलली तरी जुनी ओळ खोडायची नाही, तिच्याशेजारी नवी लिहायची. त्यामागचा हेतू भव्य होता: भूतकाळातल्या कुठल्याही क्षणी डेटा कसा दिसत होता हे विचारता यावं. जुन्या ओळी उचलून संग्रहात हलवणाऱ्या प्रक्रियेला व्हॅक्यूम म्हणत. भूतकाळात डोकावण्याची ती सोय ६.२ या आवृत्तीत काढून टाकली गेली. पण न खोडण्याची पद्धत राहिली, आणि १९९९ च्या ६.५ मध्ये वादिम मिखेयेव यांनी तिच्याच पायावर एमव्हीसीसी, म्हणजे एकाच ओळीच्या अनेक आवृत्त्या सांभाळण्याची पद्धत, उभी केली. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला, ही पोस्टग्रेसची खासियत तिथून आली. साचलेल्या मृत ओळी, फुगलेली टेबलं आणि त्या ओळी साफ करणाऱ्या व्हॅक्यूमची न संपणारी डोकेदुखीही तिथूनच आली. आज कुणी साठवणुकीत बदल सुचवला की अनेक दशकांपूर्वीच्या या निवडीशी त्याला झुंजावं लागतं.

विद्यापीठातलं काम ४.२ या आवृत्तीनंतर थांबलं. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी डेटाबेसला प्रश्न विचारायची जुनी क्वेरी भाषा काढून तिथे एसक्यूएल ही भाषा बसवली आणि पोस्टग्रेस९५ नावानं ते खुलं केलं. तेही पुढे आपापल्या वाटेनं गेले. १९९६ च्या उन्हाळ्यात मार्क फोर्निए यांनी विद्यापीठाबाहेरचा पहिला सर्व्हर दिला, ब्रूस मॉमजियन, मिखेयेव आणि थॉमस लॉकहार्ट यांच्यासारखे लोक जमले, आणि त्याच वर्षी आजचं नाव ठरलं. लाखो ओळींचा कोड हाती आला होता, पण तो लिहिणारे मूळ लोक निघून गेले होते. त्यामुळे या मंडळींची पहिली काही वर्षं दुसऱ्याचा कोड समजून घेण्यात आणि कोसळणाऱ्या जागा बुजवण्यात गेली. कुठलाही बदल करण्याआधी ‘हे असं का लिहिलं असेल?’ असं विचारण्याची सवय या काळात लागली, असं मला वाटतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट मालकीची. मायएसक्यूएलमागे पहिल्यापासून एक कंपनी होती. ती २००८ मध्ये सननं घेतली आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेली. पोस्टग्रेस्क्यूएलचा कोड असा कुणा एकाचा नाही. परवाना इतका मोकळा आहे की कुणीही तो घेऊन बंदिस्त उत्पादन बनवू शकतं, आणि अनेकांनी बनवलंही. कोअर टीम, म्हणजे कारभार बघणारा छोटा गट, आहे, पण एखादा पॅच घ्यायचा की नाही हे ती सहसा ठरवत नाही. तिथे एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक नसावेत असा दंडक आहे. २०२० मध्ये ईडीबी कंपनीनं सेकंडक्वाड्रंट विकत घेतली आणि तोल बिघडला, तेव्हा नवे सदस्य घेऊन तो सावरला गेला. ‘हे करायचं’ असा हुकूम देणारं माणूस नसेल तर पटवून देण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार असलेले कमिटर आहेत, पण त्यांच्यापैकी एकालाही इतरांचा ठाम विरोध डावलून पुढे जाणं परवडत नाही.

पटवून देण्याला शिस्त मात्र उशिरा आली. पूर्वी वर्षभर काम चाले आणि शेवटी एकच मुदत असे. ८.३ च्या वेळी ही मुदत एप्रिल २००७ ची होती, आणि आवृत्ती बाहेर पडली फेब्रुवारी २००८ मध्ये. मधले महिने शेवटच्या क्षणी आलेले मोठमोठे पॅच तपासण्यात गेले. त्यावर उतारा म्हणून २००८ मध्ये कमिटफेस्ट सुरू झाली: ठरावीक महिन्यांत नवं काम बाजूला ठेवायचं आणि साचलेले पॅच एकेक करून बघायचे. त्यातला एक संकेत मला फार मोलाचा वाटतो. ज्यानं स्वतःचा पॅच पाठवला त्यानं तेवढ्याच तोलाचा दुसऱ्या कुणाचा पॅच वाचून द्यावा. नव्या माणसाला आत यायची वाट तिथूनच सापडते.

आता पुन्हा ‘असेल तर बदला, नसेल तर घाला’कडे. चर्चा बरीच वर्षं अडली ती एका गैरसमजावर. एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात मर्ज नावाचं विधान आहे, म्हणजे तेच बांधलं की झालं, असं अनेकांना वाटे. २०१० मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात एका विद्यार्थ्यानं त्यावर कामही केलं. पण मर्ज हे मुळात दोन टेबलं जोडून त्यानुसार बदल करणारं विधान आहे. एकाच क्षणी दोन ट्रान्झॅक्शन (एकसंध मानले जाणारे व्यवहार) तीच ओळ घालायला धावले तर काय, याची हमी मानक देत नाही. लोकांना हवी होती ती नेमकी तीच हमी. पीटर गेगन यांनी २०१३ पासून वेगळ्या वाटेनं काम सुरू केलं आणि खरा वाद तिथे पेटला. इंडेक्समधली (ओळी पटकन शोधायच्या सूचीतली) जागा आधी कुलूपबंद करायची? मग एकमेकांची वाट बघत दोन ट्रान्झॅक्शन कायमचे अडकण्याचा धोका, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीनं तो अगदी अकारण. हेइक्की लिन्नाकांगास यांनी दुसरी रचना मांडली. ओळ आधी तात्पुरती म्हणून टेबलात ठेवायची, मग इंडेक्समध्ये नोंद करायची, आणि तिथे टक्कर दिसली तर ट्रान्झॅक्शन न मोडता आपली ओळ आपणच मागे घ्यायची. शेवटी हीच दिशा स्वीकारली गेली आणि मे २०१५ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो पॅच कमिट केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला.

शब्दरचनेवरही तितकीच घासाघीस झाली, आणि ती किरकोळ अजिबात नव्हती. एका टेबलावर दोन युनिक (तीच किंमत पुन्हा येऊ न देणारे) इंडेक्स असतील, तर ‘टक्कर झाली’ म्हणजे कुठल्या इंडेक्सशी? पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलायची असेल तर टक्कर कुठल्या कॉलमवर अपेक्षित आहे हे तुम्हाला लिहावंच लागतं. पहिल्यांदा हे कटकटीचं वाटतं. एक दिवस भलत्याच इंडेक्सवर टक्कर होते, ओळ गुपचूप बदलली जाण्याऐवजी लख्ख एरर समोर येतो, आणि मग त्या लांबलेल्या चर्चेची किंमत कळते.

मर्जची कहाणी तिथे संपली नाही. एप्रिल २०१८ मध्ये सायमन रिग्ज यांनी तो पॅच कमिट केला. आक्षेप लगेच आले: पार्सर (विधान वाचणारा भाग) आणि एक्झिक्युटर (ते चालवणारा भाग) यांतली त्याची रचना पटण्यासारखी नाही, आणि एवढं मोठं काम वर्षाच्या अगदी शेवटी घुसवलं गेलं. दोन आठवड्यांच्या आत तो मागे घेतला गेला. आल्वारो हेरेरा यांनी रचना सुधारून तो पुन्हा आणला आणि ऑक्टोबर २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत तो आला.

इतकी सावधगिरी कशासाठी, याचं उत्तर ९.३ या आवृत्तीत आहे. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ, तपासताना संदर्भ असलेल्या ओळीवर नको इतकं कडक कुलूप लागे आणि असंबंधित अपडेटही खोळंबत. ते सौम्य करणारा पॅच दोनेक वर्षांच्या चर्चेनंतर २०१३ मध्ये आत गेला. हेतू उत्तम, काम कष्टाचं. पण एका ओळीवर अनेक ट्रान्झॅक्शनची कुलपं नोंदवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, म्हणजे मल्टिएक्झॅक्टवर, त्यानं नवा भार टाकला. तिच्या नोंदी आता सर्व्हर बंद पडून सुरू झाल्यावरही टिकणं गरजेचं झालं, आणि त्या कधी पुसायच्या याचा हिशेब अनेक ठिकाणी चुकला. डेटा खराब होऊ शकेल असे दोष २०१५ च्या मध्यापर्यंत निघतच राहिले. मे आणि जूनमध्ये पाठोपाठ दुरुस्त्या काढाव्या लागल्या. संथ क्वेरी उद्या वेगवान करता येते. डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलेलं मात्र परत आणता येत नाही, आणि जुन्या नमुन्यात लिहिलेल्या फाइली पुढच्या आवृत्त्यांना वर्षानुवर्षं वाचाव्या लागतात. त्यानंतर साठवणुकीला हात लावणाऱ्या पॅचवर प्रश्नांची सरबत्ती होते ती याच अनुभवातून.

कधी अडचण कोडबाहेरूनही आली. जानेवारी २००५ च्या ८.० मध्ये कॅशसाठी, म्हणजे मेमरीत कुठला डेटा ठेवायचा हे ठरवण्यासाठी, एआरसी ही पद्धत घेतली होती. तिच्यावर आयबीएमचा पेटंटचा अर्ज असल्याचं लक्षात आल्यावर ८.०.२ मध्ये ती बदलली गेली.

रेप्लिकेशनबाबत, म्हणजे डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याबाबत, तर प्रकल्पानं स्वतःची भूमिकाच फिरवली. ते काम बाहेरच्या साधनांचं, गाभ्यात नको, असं अनेक वर्षं मानलं जाई. मे २००८ मध्ये कोअर टीमनं जाहीरपणे सांगितलं, की साधं, अंगभूत रेप्लिकेशन आता गाभ्यात हवं. तरीही घाई झाली नाही. हॉट स्टँडबाय (प्रतीच्या सर्व्हरवरून वाचता येण्याची सोय) ८.४ मधून वगळलं गेलं आणि फुजी मासाओ यांच्या स्ट्रीमिंग रेप्लिकेशनसोबत सप्टेंबर २०१० च्या ९.० मध्ये आलं.

२०१८ मध्ये तर पायाखालची जमीनच सरकली. क्रेग रिंगर यांनी दाखवून दिलं, की लिनक्सवर एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर लिहिण्याची सूचना) अपयशी झालं आणि पुन्हा बोलावलं, तर दुसऱ्यांदा ते यशस्वी झाल्याचं सांगू शकतं, प्रत्यक्षात डेटा डिस्कवर गेलेला नसतानाही. पोस्टग्रेस वीसेक वर्षं याच्या उलट गृहीत धरून चाललं होतं. दोष कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, की डेटाबेसचा, यावर जोरात वाद झाला. फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्त्यांमध्ये निर्णय आला: एफसिंक अपयशी झालं की सर्व्हरनं स्वतःहून कोसळायचं आणि लॉगमधून (बदलांच्या नोंदवहीतून) सगळं पुन्हा उभं करायचं. चुकीचं ‘ओके’ सांगण्यापेक्षा बंद पडणं त्यांनी पत्करलं. या प्रकल्पावर माझा जीव का जडला आहे, हे कुणी विचारलं तर मी या निर्णयाकडे बोट दाखवीन.

मागे घेतलेल्या कामातून काय उगवतं याचं सर्वात चांगलं उदाहरण एसक्यूएल-जेसनचं, म्हणजे जेसन नमुन्यातला डेटा एसक्यूएलमधून हाताळण्याच्या सोयीचं. १५ व्या आवृत्तीसाठी त्याची बरीच वैशिष्ट्यं कमिट झाली होती, बीटा (चाचणीच्या आवृत्त्या) निघाले होते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, अंतिम आवृत्तीला काही आठवडे उरले असताना, ती सगळी काढली गेली. मुख्य आक्षेप चुका हाताळण्याच्या पद्धतीवर होता. ‘किंमत बदलता आली नाही तर नल (रिकामी किंमत) द्या’ म्हणायचं, तर आतला एरर पकडावा लागतो, आणि त्यासाठी क्वेरी चालू असताना उपट्रान्झॅक्शन उघडणं महाग आणि नाजूक होतं. मग मुळाशी जाऊन एरर न फेकता चूक कळवण्याची नवी यंत्रणा बांधली गेली आणि ती १६ व्या आवृत्तीत आली. जेसन डेटा टेबलासारखा दाखवणारं जेसन टेबल २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत पोचलं. त्याच आवृत्तीत, त्याच यंत्रणेच्या आधारावर, कॉपी या विधानानं डेटा भरताना खराब ओळी वगळून पुढे जाण्याची सोयही मिळाली. ही दुसरी मागणीही लोकांची फार जुनी.

सगळे वाद असे फळाला येतात असं नाही. क्वेरी प्लॅनरला (क्वेरी कुठल्या वाटेनं चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला) इशारे देण्याची सोय गाभ्यात नसावी, ही भूमिका अजून मोठ्या प्रमाणात टिकून आहे. ज्यांना गरज आहे ते बाहेरचं एक्स्टेंशन वापरतात. प्लॅनर सुधारायचा तर त्याच्या चुका समोर यायला हव्यात हा युक्तिवाद मला पटतो, पण मध्यरात्री प्रॉडक्शनवर एखाद्या क्वेरीचा प्लॅन अचानक बदललेला पाहिलेल्याला तो पटवणं अवघड आहे. जुन्या ओळी जागच्या जागी बदलणाऱ्या झीहीप या प्रयोगाचा गाजावाजा २०१८ मध्ये झाला. तो गाभ्यात पोचला नाही. टेबलाच्या साठवणुकीची पद्धत बदलता येईल असा सांधा मात्र १२ व्या आवृत्तीत आला.

जून २०२३ मध्ये लिन्नाकांगास यांनी आणखी जुन्या निर्णयाला हात घातला. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतं. बर्कलीत तो निर्णय त्या वेळच्या सोयीचा होता. आता हजारो जोडण्या आणि डझनावारी कोर असलेल्या यंत्रांवर एकाच प्रोसेसमध्ये मेमरी वाटून घेणारे थ्रेड वापरावेत, असं त्यांनी सुचवलं. विरोधकांचे मुद्दे वजनदार होते: कोडभर विखुरलेली ग्लोबल व्हेरिएबल्स, प्रोसेस गृहीत धरून लिहिलेली बाहेरची असंख्य एक्स्टेंशन्स, आणि एका थ्रेडमधल्या चुकीनं सगळ्यांची मेमरी खराब होण्याची भीती. एकमत झालं नाही, पण काम थांबलंही नाही. त्या दिशेची साफसफाई एकेका लहान पॅचनं होते आहे, आणि त्यातल्या प्रत्येक पॅचवर स्वतंत्रपणे वाद होतो.