आखूड गतिरोधक सुसाट गाडीला सोडून का देतो?

वस्तीतल्या रस्त्यावर गाड्या सुसाट धावू लागल्या की दोनच उपाय सुचतात: वेगमर्यादेची पाटी आणि हातभर रुंदीचा, उभट गतिरोधक. पाटी कोणी वाचत नाही. गतिरोधक मात्र बऱ्याचदा उलटंच काम करतो.

समजा, तो ३० सेंटिमीटर रुंद आहे. ताशी ४० किमी वेगात चाक तो ०.०३ सेकंदांत ओलांडतं. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळाच डोलू शकते, त्यामुळे एवढ्यात तिला उचललं जायला वेळच मिळत नाही. चाक उसळतं, स्प्रिंग दबते, आत बसलेल्याला ‘धप्’ एवढंच कळतं. टायर आणि सस्पेन्शन मार खातात, तो भाग वेगळा. सावकाश गेलं तर चाकाबरोबर अख्खी गाडी वर-खाली होते. सायकलला तर स्प्रिंगच नसते. थोडक्यात, शिक्षा सभ्य माणसाला.

ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट अँड रोड रिसर्च लॅबोरेटरीत १९७०च्या दशकात यावर उत्तर निघालं: उंची १० सेंटिमीटर, पण प्रवासाच्या दिशेने लांबी तब्बल ३.७ मीटर. हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावरून जाताना उभं त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढं असतं. ताशी २० किमीला ते १.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे नुसता हेलकावा. ४० किमीला ७.३, गुरुत्वाकर्षणाच्या पाऊणपट! माणूस सीटवरून जवळजवळ सुटतो. वेग दुप्पट, त्रास चौपट. आणि उंचवटा लांब असल्याने स्प्रिंगला तो गिळता येत नाही. हाच उंचवटा ‘जरा जास्तच’ म्हणून १५ सेंटिमीटर केला, तर त्रिज्या ११ मीटरवर येते आणि हळू जाणाऱ्या बुटक्या गाडीचंही पोट घासू शकतं.

मग अंतर. चालक उंचवट्यावर २० किमीने जातो, पुढे वेग वाढवतो, पुन्हा ब्रेक लावतो. त्वरण आणि मंदन दोन्ही १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. दोन उंचवट्यांत १५० मीटर असतील, तर मध्यावर वेग ४८ किमी होतो. १०० मीटरला ४१, ६० मीटरला ३४. एकटा उंचवटा गल्लीच्या तोंडाशी घालून भागत नाही, ते यामुळे.

वस्तीतला वेग ३० किमीच्या आसपास ठेवायचा हा आटापिटा का? चालकाला भानावर यायला एक सेकंद आणि ब्रेकचं मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर ३० किमीची गाडी १३.३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० किमीची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही.

रस्त्यावर रंगवलेल्या त्रिमितीय ठोकळ्यांचं कौतुक अधूनमधून पसरतं. नवखा चालक एकदा दचकेल. रोजच्या चालकाला रंगातून कुठलंही त्वरण जाणवत नाही.

उंचवटे नकोत, तर गाडीची वाट वाकवावी: पार्किंग आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला, कोपऱ्यांची त्रिज्या ४ मीटरच्या आसपास, लेन ३ मीटरहून रुंद नाही. डेल्फ्टमध्ये १९६०च्या दशकाअखेर रहिवासी गल्ल्या अशा बदलू लागल्या आणि १९७६मध्ये नेदरलँड्सने त्यांना कायद्यात जागा दिली.

बस आणि रुग्णवाहिकेच्या मार्गावर अखंड उंचवट्याऐवजी सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचे सुटे उंचवटे घालतात. बसची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात, कारचं एक तरी चाक चढतंच. दुचाकी मात्र मधल्या फटीतून वेग न कमी करता सटकते.