पॅकार्डचे साचे स्टॅलिनला दिले? नाही

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात पॅकार्ड 180 या आपल्या आलिशान मोटारीचे बॉडीचे साचे स्टॅलिनला दिले आणि त्यातूनच झिस-110 ही सोव्हिएत मोटार निघाली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही.

साम्य आहे, आणि ते मुद्दाम आहे. स्टॅलिनला पॅकार्ड आवडायची, त्यामुळे मॉस्कोच्या अभियंत्यांनी तोच नमुना समोर ठेवला. लांब पॅकार्डचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 148 इंच, झिसचा 3760 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तोच. पण जवळून पाहा. पॅकार्डच्या दारांखाली उघडा पायदान दिसतो, झिसची दारं खालपर्यंत उतरून तो झाकतात. दार किंवा मडगार्डचा एकही पत्रा इकडचा तिकडे बसत नाही. झिसचे पत्रे जस्त-ॲल्युमिनियमच्या साच्यांत दाबले गेले. असे साचे लवकर झिजतात, पण झिस बनल्याच जेमतेम दोनेक हजार, तेवढ्यांना ते पुरतात.

इंजिनाचा पुरावा आणखी पक्का. दोन्हीकडे एका ओळीत आठ सिलिंडर, पण पॅकार्डचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 88.9 मिलिमीटर, झिसचा 90. म्हणून एकाचे पिस्टन-रिंग दुसऱ्यात चालत नाहीत. शिवाय पॅकार्डचे बोल्ट इंची आट्यांचे. जुन्या पॅकार्डच्या रिस्टोरेशनसाठी ‘तेच असतं’ म्हणून झिसचे भाग घेऊ नका, पैसे बुडतील. आणि पॅकार्डचं हे 5.8 लिटरचं इंजिन तर डेट्रॉइटला 1950पर्यंत बनत होतं, म्हणजे ते बनवायची सामग्री कुठे गेली नव्हती.

अफवेचं मूळ साधं आहे: युद्धानंतर पॅकार्डने 180ची जुनी बॉडी सोडून क्लिपर या आपल्याच 1941च्या मॉडेलची बॉडी पुढे चालवली, आणि ‘मग जुने साचे गेले कुठे?’ हा प्रश्न उरला.