वजनकाटा येण्याआधीची जोड

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कराटे क्लासमध्ये मी ६२ किलोचा, आणि माझ्यासमोर सहा फुटांहून उंच, नव्वदीच्या पुढचा गडी. बाकीच्यांच्या जोड्या आधीच लागलेल्या असायच्या, म्हणून दर शनिवारी स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, माझ्या वाट्याला तोच उरायचा. पहिले तीन महिने मी नुसता मार खाल्ला. त्याची सरळ लाथ पोटात बसली की मागे सरकायचो आणि पुन्हा नेमका अशा जागी येऊन उभा राहायचो, जिथं त्याचा पाय पोहोचतो पण माझा हात पोहोचत नाही. सर म्हणायचे, "एकतर बाहेर थांब, नाहीतर आत शीर. मधे काय करतोस?"

असमान जोडीची ही डोकेदुखी जुनीच आहे. तिच्यातली एक गोष्ट तर आपल्याच वणीच्या गडावर घडल्याचं सांगतात.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन दांडगे पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या पोरानं ते स्वीकारलं, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीचा गड गाठला. तिथं लाकडी खांबावर खेळणाऱ्या माकडाच्या रूपात हनुमंतानं त्याला डाव दाखवले, अशी परंपरा आहे. परत येऊन त्यानं गुलाबला आसमान दाखवलं, आणि ते बघून अली लढायलाच उतरला नाही. आजच्या मल्लखांबाचा उगम इथूनच मानतात.

दृष्टांताचं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. मला त्यातला खांब महत्त्वाचा वाटतो. खांब हलत नाही, दमत नाही, ढकलून मागे जात नाही. त्याला मिठी घालायची, मांडीची पकड बसवायची आणि स्वतःचं अंग त्याच्याभोवती फिरवायचं. हलक्या माणसासमोर भारी पहिलवान असतो तो जवळपास असाच. त्याला हलवायच्या नादी लागलात तर तुम्हीच दमणार.

जपानात हाच पेच जिगोरो कानो यांच्यापुढे आला. ते अंगानं लहानखुरे, आणि जुजुत्सुच्या त्यांच्या शाळेत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड विद्यार्थी काही केल्या त्यांना आवरेना. त्यांनी आधी सुमोतले डाव करून पाहिले, ते चालले नाहीत. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि गड्याला खांद्यावर आडवा घेऊन फेकायची एक युक्ती उचलली. तिनं फुकुशिमा पडला. १८८२ मध्ये कानोंनी कोदोकान ही स्वतःची शाळा काढून ज्युदो सुरू केला, तेव्हा हीच युक्ती 'काता गुरुमा' या नावानं त्यात आली. पंचवटीतल्या एखाद्या तालमीत ती करून दाखवली तर पोरं म्हणतील, ही तर आपली कलाजंग!

दोन्ही गोष्टींत मोठा हरला तो समोरच्या डावाची त्याला ओळख नव्हती म्हणून. लहान गडी जिंकला की आपण टाळ्या वाजवतो, आणि हा भाग नेमका सुटतो. मोठ्यालाही तोच डाव येत असेल तर?

याचं उत्तर १९६४ मध्ये टोकियोत मिळालं. ज्युदो त्या वर्षी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. ६८ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत आणि त्यावर असे तीन वजनगट होते, आणि चौथा खुला गट. मऊपणानं कठीणाला जिंकायचं ही ज्युदोची शिकवण, त्यामुळे जपानचं सगळं लक्ष खुल्या गटावर. तिथं अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटन खेसिंकनं अकिओ कामिनागाला खाली दाबून धरलं आणि लढत संपवली. खेसिंक साडेसहा फुटांच्या आसपास, वजन शंभराच्या वर, आणि ज्युदो पक्का शिकलेला. १९८४ नंतर ऑलिंपिकमधून खुला गट गेला.

अमेरिकेत हीच गोष्ट चार वर्षांत उरकली. १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसी या वेगवेगळ्या लढाऊ कलांच्या खेळाडूंना आमनेसामने आणणाऱ्या स्पर्धेची पहिली फेरी झाली, वजनगट नव्हते. सुमारे ८० किलोच्या रॉइस ग्रेसीनं एकामागून एक गडी जमिनीवर नेऊन हरवले, कारण जमिनीवरची लढत बाकीच्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हती. ती सगळे शिकले, आणि १९९७ मध्ये तिथंही वजनगट आले. व्यावसायिक सुमोत ते आजही नाहीत, मात्र उंचीची किमान अट होती. माइनोउमी या पठ्ठ्यानं ती पार करायला डोक्याच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतलं होतं.

आपल्याकडे जत्रेत काटा म्हणजे पंचांचा डोळा. दोन पोरं शेजारी उभी करायची, खांद्याला खांदा लावून बघायचं, आणि जमलं नाही तर कडेची माणसंच ओरडतात, "जोड नाही, जोड नाही!" मग एकाला बसवायचं, दुसरा उठवायचा. नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत सगळं यावरच चालायचं. अजूनही बऱ्याच गावांत चालतं.

वजनकाट्यानं गमतीच्या गोष्टी संपवल्या, अशी तक्रार मीही केलेली आहे. पण खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात उतरले आणि सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी ५७ किलोत कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. काटा नसता तर गोळेश्वरच्या या छोटेखानी पहिलवानाला त्या मॅटवर शंभर किलोच्या गड्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. उलट काट्यानं रडवल्याचं उदाहरणही ताजं आहे. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली.

काटा आला तरी वरच्या गटात फरक उरतोच. २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीरनं नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली. तो गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे नियमात बसूनही समोरचा ३९ किलोंनी जास्त भरू शकतो.

आणि तालमीतल्या रोजच्या लढतीला तर काटा कधीच नव्हता. तिथं हजर असेल तो जोडीदार. वस्ताद भारी पहिलवानाला सांगतात, अंग टाकू नको, पोराला पट काढू दे, म्हणजे पाय धरून पाडू दे. तो मुद्दाम पाय पुढे ठेवतो, पोरगं खाली वाकून पटात शिरतं, कधी उचलतं, कधी तिथंच चिरडलं जातं.

माझं गाडं चौथ्या महिन्यात हललं. लाथ येताना मागे जायचं नाही, बाजूला अर्धं पाऊल टाकायचं आणि तो पाय मागे घेत असतानाच पायाबरोबर आत जायचं. हात बरगडीपर्यंत पोहोचायला लागला. चार-पाच शनिवार मजेत गेले. आता तोही पाय मागे घेताना कोपर पुढे ठेवायला शिकलाय.