अपिलीय न्यायाधीशांचे शिक्षण व पूर्वव्यवसाय (सातारा-सांगली)

खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून तो कायम ठेवणारा, बदलणारा किंवा रद्द करणारा न्यायाधीश म्हणजे अपिलीय न्यायाधीश. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पक्षकाराला मात्र ‘अपील’ म्हटले की आधी प्रांत, म्हणजे महसूल खात्याचा उपविभागीय अधिकारी, आठवतो. फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केली आणि भावकीतल्या कुणाला ती पटली नाही, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली पहिले अपील प्रांताधिकाऱ्याकडे जाते. या खुर्चीसाठी कायद्याची पदवी लागत नाही. राज्यसेवा परीक्षेतून उपजिल्हाधिकारी झालेला अधिकारी कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर असू शकतो. सातबाऱ्यावरचे नाव राहणार की जाणार, हे गावपातळीवर पुष्कळदा तोच ठरवतो. तो न्यायाधीश नव्हे, पण अपील ऐकतो. त्यामुळे त्याला वगळून हा विषय पुरा होत नाही.

खरा अपिलीय न्यायाधीश भेटतो तो जिल्हा न्यायालयात. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावरचे पहिले अपील सहसा जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशापुढे चालते, आणि तेच न्यायाधीश सत्र न्यायाधीश म्हणून खुनाचा खटलाही चालवतात. या पदावर पोचण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली बढतीची. एलएल.बी. व्हायचे, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायचे, भाईंदरजवळ उत्तन येथील न्यायिक अकादमीत प्रशिक्षण घ्यायचे आणि मग तालुक्यातालुक्यांतून बदल्या घेत वर चढायचे. दुसरी वाट सरळ भरतीची. संविधानाच्या अनुच्छेद २३३ नुसार सात वर्षे वकिली झालेल्याला थेट जिल्हा न्यायाधीश होता येते. या जागा एकूण पदांच्या चौथा हिस्सा असतात आणि त्यांची परीक्षा उच्च न्यायालय स्वतः घेते.

२०२५ साली या दोन्ही वाटांचे नियम हलले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी हातात पडल्यावर कोर्टाची पायरी न चढता थेट पुण्याच्या क्लासमध्ये बसणाऱ्या मुलामुलींची वाट त्यामुळे लांबली. ऑक्टोबरमध्ये घटनापीठाने सेवेतल्या न्यायाधीशांनाही सरळ भरतीचे दार उघडले: वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरली पाहिजेत आणि वय किमान ३५ असले पाहिजे.

तिसरी पायरी उच्च न्यायालयाची. अनुच्छेद २१७ शिक्षणाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. दहा वर्षे न्यायिक पद किंवा उच्च न्यायालयाचा वकील म्हणून दहा वर्षे, एवढेच तो मागतो. एलएल.एम. किंवा पीएच.डी. यांची अट नाही. कायद्याचा प्राध्यापक केवळ प्राध्यापक म्हणून उच्च न्यायालयात येऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी ‘नामांकित विधिज्ञ’ हा तिसरा वर्ग अनुच्छेद १२४ मध्ये आहे, पण आजवर त्यातून एकही नेमणूक झालेली नाही. रिवाज असा, की साधारण दोन तृतीयांश न्यायाधीश ‘बारमधून’ (वकिलांतून) आणि एक तृतीयांश ‘सर्व्हिसमधून’ (न्यायिक सेवेतून) घ्यायचे. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदे ९४ आहेत.

ही विभागणी सातारा-सांगलीच्या वकिलाला कशी लागली ते पाहण्यासारखे आहे. बारमधून नाव जायचे तर काम उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे व्हायला हवे. ऑगस्ट २०२५ पर्यंत या जिल्ह्यांसाठी ते न्यायालय मुंबईतच होते; साताऱ्याहून अडीचशे किलोमीटर, सांगलीहून त्याहून बरेच लांब. साक्षीदाराचा उलटतपास कितीही धारदार घेतला तरी तो ऐकायला तिथे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश नसतो. त्यामुळे जिल्ह्यातल्या हुशार मुलाने मुंबई गाठून अपील साइडला (खालच्या न्यायालयांवरची अपिले चालवणाऱ्या बाजूला) एखाद्या सीनियरच्या चेंबरमध्ये ज्युनियर व्हायचे, निदान सरकारी वकिलांच्या पॅनेलवर यायचे. नाहीतर गावीच राहून सर्व्हिसची परीक्षा द्यायची. बुद्धीपेक्षा अंतराने हा निवाडा केला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (जन्म सातारा, १६ मार्च १९०१) हे मुंबई गाठण्याच्या या वाटेचे ठळक उदाहरण. घराणे संस्कृत पंडितांचे. धारवाडचे कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि १९२४ मध्ये एम.ए. कायद्याची पदवी त्यांनी पुण्याच्या विधि महाविद्यालयातून १९२६ मध्ये घेतली. महाविद्यालय तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. त्याच वर्षी ते मुंबईला अपील साइडवर उभे राहिले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांचा दबदबा ओरिजिनल साइडवर, म्हणजे उच्च न्यायालयात थेट दाखल होणाऱ्या दाव्यांच्या बाजूला, होता; जिल्ह्यांतून येणारी जमीन, दत्तक, वाटणी यांची प्रकरणे अपील साइडवर चालत. दत्तकाचा वाद धर्मशास्त्राच्या मूळ ग्रंथांपर्यंत जाऊन भिडे, तेव्हा संस्कृत येणारा वकील वरचढ ठरे. १९४५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ फेब्रुवारी १९६४ पासून १५ मार्च १९६६ पर्यंत सरन्यायाधीश होते. गंमत अशी, की शास्त्राच्या वाटेने आलेल्या या माणसाची ख्याती झाली ती मुख्यतः कामगार कायद्यात.

शास्त्राध्ययन आणि न्यायदान यांचे नाते या भागात त्याहून जुने आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे तरुणपणी साताऱ्यात एका सावकाराकडे नोकरीला होते आणि अपमान सहन न होऊन काशीला शिकायला गेले, अशी कथा सांगतात. पेशवाईत त्यांनी न्यायाधीशपद भूषवले. गोतसभेत (भाऊबंद व गावकऱ्यांच्या न्यायसभेत) न मिटलेले कज्जे पुण्याला त्यांच्यापर्यंत जात. त्यांना आजच्या अर्थाने अपिलीय न्यायाधीश म्हणणे ओढूनताणून होईल, पण या पदासाठी ‘शिकून आलेला माणूस’ लागतो ही समजूत रुजवण्यात त्यांचे नाव मोठे आहे. सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांत १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत स्वतंत्र न्यायव्यवस्था होत्या. त्यानंतर सगळ्यांची शेवटची अपिले मुंबईकडे वळली.

आज साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधि महाविद्यालय आहे, तर सांगलीत एन. एस. लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज. कुठल्या कॉलेजचा, हा प्रश्न नेमणुकीच्या वेळी फारसा विचारला जात नाही. बघतात ते चालवलेली प्रकरणे, छापून आलेले निकाल, वकिलीचे निव्वळ उत्पन्न आणि वय. बारमधून येणारा सहसा पंचेचाळिशी ओलांडलेला असतो. सर्व्हिसमधून येणारा पन्नाशीच्या बराच पुढे असतो आणि निवृत्ती ६२ व्या वर्षी; त्यामुळे त्याच्या वाट्याला वर्षे थोडी येतात आणि ज्येष्ठतेत तो क्वचितच वर पोचतो. उलट बाजूला, जोरात वकिली चालणाऱ्याला दरमहा २,२५,००० रुपयांचे मूळ वेतन ही घटच वाटते आणि काही जण नको म्हणतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी शिफारस झालेल्यांची माहिती जाहीर केली. तीत बार की सर्व्हिस, सामाजिक प्रवर्ग आणि कुणा आजी-माजी न्यायाधीशाशी नाते आहे का, हे रकाने होते. हा शेवटचा रकाना आला हे बरे झाले. कोर्टाच्या कँटीनमध्ये त्याची चर्चा कित्येक वर्षे चालूच होती.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) सुरू झाले. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली ते स्थापन झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. तिथल्या पहिल्या, दोन न्यायाधीशांच्या खंडपीठावरचे न्या. मकरंद कर्णिक आणि न्या. शर्मिला देशमुख हे दोघेही बारमधून आलेले. तेव्हा एकल पीठावर असलेले न्या. शिवकुमार डिगे न्यायिक सेवेतून, त्याआधी राज्याचे धर्मादाय आयुक्त. सांगलीचा वकील आता तासा-दीड तासात उच्च न्यायालयापुढे उभा राहतो. नावाची शिफारस मात्र पूर्वीसारखीच मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायाधीशांच्या कॉलेजियमकडून सुरू होते, आणि कोल्हापूरला कोण बसणार हेही मुख्य न्यायमूर्तीच ठरवतात.