पेल्यातला बर्फ आणि समुद्राची पातळी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: ‘पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही, मग समुद्र वाढून मुंबई-पणजी बुडणार ही निव्वळ थाप.’

पेल्याचं म्हणणं खरंच आहे. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारतो, म्हणून वितळल्यावर पातळी हलत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या तरंगत्या बर्फालाही हे जवळपास लागू पडतं. पण ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ जमिनीवर साठलेला आहे. फॉरवर्डात नेमका तोच वगळलाय.

घरीच बघा. एका पेल्यात बर्फ तरंगू द्या (तळाला टेकायला नको). दुसऱ्या पेल्यात थोडं पाणी घ्या, वर चहाची गाळणी ठेवा आणि बर्फ तिच्यात घाला. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला पेनानं खूण करा. बर्फ वितळला की पहिल्या पेल्यात पाणी खुणेवरच, दुसऱ्यात खूण पाण्याखाली. गाळणीतला बर्फ म्हणजे जमिनीवरचा बर्फ.

शिवाय तापलं की पाणी फुगतं, समुद्राचंसुद्धा. हे सगळं धरून १९०१ ते २०१८ दरम्यान पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. ‘बुडणार’ हा शब्द मात्र मलाही भडक वाटतो. वीतभर पाण्यानं शहर बुडत नाही. पण भरती तेवढ्यानं वर चढते. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीला मांडवी म्हणून समुद्राला मिळते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. मुंबईतही तेच. आणि ते आधी शिरतं सखल भागातल्या, नाल्याकाठच्या घरांत, जिथं भाडं कमी असतं.