आत्या विसरते, तरीही

माझी आत्या ८२ वर्षांची आहे. अल्झायमरचं निदान होऊन पाच वर्षं झाली. गेल्या श्रावणात तिच्याकडे गेले, तेव्हा ती ओसरीवर फुलवाती करत बसली होती. कापसाचा पुंजका ओढायचा, तळहातावर गोल पसरायचा, मधोमध चिमटीत धरून पीळ द्यायचा आणि टोकाला दुधाचं बोट लावायचं. एकही वात वाकडी नाही. मी शेजारी टेकले तशी म्हणाली, "कोणाची गं तू?" म्हटलं, "तुझ्या धाकट्या भावाची." "अगंबाई, केवढी झालीस!" पाच मिनिटांनी पुन्हा, "कोणाची गं तू?"

निघताना आतेभाऊ फाटकापर्यंत सोडायला आला. "एवढ्या लांबून कशाला दगदग करतेस?" तो म्हणाला. "तू आलेलीसुद्धा तिला आठवणार नाही." दिवसरात्र तिचं करणारा तोच, त्यामुळे तेव्हा मी काही बोलले नाही. पण त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं, आणि ते का पटलं नाही हे मेंदूविज्ञानाच्या आधारानं सांगता येतं.

आठवणींबद्दल आज जे कळलंय त्यातलं फार मोठं देणं एका माणसाचं आहे. त्याचं नाव हेन्री मोलेसन. जिवंत असेतो साऱ्या जगातल्या अभ्यासकांना तो फक्त 'एच. एम.' या आद्याक्षरांनी माहीत होता. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा हा तरुण लहानपणापासून फिट्सनी बेजार झालेला. औषधांचा उपयोग होईना, नोकरी करणं अशक्य झालं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदानं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोड्याच्या आकाराचा, मेंदूत खोलवर असलेला एक अवयव. फिट्स पुष्कळ कमी झाल्या. पण त्या दिवसापासून हेन्रीच्या मनात नवा प्रसंग टिकेनासा झाला.

इथे एक गैरसमज होण्यासारखा आहे. हेन्री वेडा झाला नव्हता की मंदही झाला नव्हता. शस्त्रक्रियेआधी त्याचा बुद्ध्यंक १०४ होता, नंतर तो ११२ भरला. तो शब्दकोडी सोडवायचा, विनोद करायचा, समोरच्याशी अदबीनं बोलायचा. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनीही त्यानं तो बरोबर सांगितला. कसा ठेवलास असं विचारल्यावर म्हणाला, सोपं आहे. पाच, आठ, चार मिळून सतरा, आठ लक्षात ठेवायचे, सतरातून वजा केले की नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार, झाले ५८४. तेवढा सगळा वेळ तो हेच घोकत होता. मग लक्ष जरा दुसरीकडे गेलं आणि मिनिटभरात आकडाही गेला, आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणजे जाणीव जागी होती, 'मी' होता, चालू क्षण हातात धरता येत होता. तो क्षण मागच्या क्षणांना जोडणारा दोरा तेवढा तुटला होता. एखाद्या प्रसंगातली दृश्यं, आवाज, वास हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत उमटतं. गजऱ्यातली फुलं ओवावीत तसे ते तुकडे एकत्र ओवण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो. हेन्रीनं स्वतःच्या अवस्थेचं जे वर्णन केलं, ते वाचताना आजही मला गलबलून येतं. प्रत्येक दिवस आपापला एकटा असतो, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी काही आनंद झाला असो, काही दुःख झालं असो.

कॅनडातल्या माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर या संशोधिकेनं त्याला एक काम दिलं. कागदावर चांदणी छापलेली, दोन रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. करून पाहा, हात हमखास उलट्या दिशेला जातो. हेन्रीचाही गेला. तीन दिवस त्याचा सराव घेतला. दर दिवशी तो म्हणणार, हे मी कधी केलेलं नाही. आणि दर दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चालणार. शेवटी शेवटी तर त्यालाच नवल वाटलं, की अवघड दिसणारं हे काम आपल्याला एवढं चांगलं कसं जमलं!

हातांची आठवण वेगळी आणि प्रसंगांची वेगळी, हे या चांदणीनं दाखवून दिलं. हातांची आठवण मुख्यतः बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू या भागांकडे असते. अल्झायमरचा घाला आधी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारपाजारावर पडतो. हे दुसरे भाग त्या मानानं बराच काळ शाबूत राहतात. आत्याच्या फुलवाती तिथून येतात.

पण आतेभावाचा मुद्दा हातांचा नव्हता, भेटीचा होता. त्याचं उत्तर भावनांच्या अभ्यासात आहे.

१९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी एक प्रयोग नोंदवून ठेवला. त्यांच्या एका रुग्ण बाईला नवं काहीच आठवत नसे; डॉक्टरांची ओळखही रोज नव्यानं करून घ्यावी लागे. एके दिवशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. पुढे त्यांनी हात पुढे केल्यावर बाईंनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. (असला प्रयोग आज कुणालाही करू देणार नाहीत, आणि तेच योग्य.)

१९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हेच जास्त काटेकोरपणे तपासलं गेलं. रंगीत चित्रं दाखवायची आणि निळ्या रंगाबरोबर कानठळ्या बसवणारा भोंगा वाजवायचा. पुढे पुढे निळा रंग दिसताच माणसाच्या तळव्यांना बारीक घाम येऊ लागतो आणि तो उपकरणानं मोजता येतो. ज्याचा हिप्पोकॅम्पस निकामी होता, त्याला घाम आला. पण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे सांगता आलं नाही. जिचा अमिग्डाला निकामी होता, तिनं 'निळ्यानंतर वाजतो' असं अचूक सांगितलं. पण तिचे तळवे कोरडेच राहिले. अमिग्डाला म्हणजे हिप्पोकॅम्पसला खेटून असलेला, बदामाएवढा पेशींचा पुंजका. काय घडलं हे एक शेजारी लिहून ठेवतो, त्यानं जिवाला काय केलं हे दुसरा.

त्याच आयोवात पुढे, २०१० साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या आणि २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी प्रसंग दाखवले. थोड्याच वेळात तपशील पुसट झाले. अल्झायमरच्या रुग्णांना तर पाहिलेलं जवळजवळ काहीच सांगता येईना. पण मनावर आलेलं मळभ किंवा प्रसन्नपणा तसाच रेंगाळत होता. कशामुळे उदास वाटतंय हे त्यांना माहीत नव्हतं, उदास मात्र वाटत होतं.

आतेभावाला मी फोनवर हेच सांगितलं. मी येऊन गेले हे आत्याला आठवणार नाही, कबूल. पण त्या दुपारचा गोडवा माझ्या नावाशिवाय तिच्यापाशी काही वेळ राहतो. तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे उलटंही खरं असेल ना?"

हो, उलटंही खरं आहे, आणि ते मला आधी सुचलं नव्हतं. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. आत्या संध्याकाळी विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" घरातलं कुणी तरी खरं ते सांगून टाकायचं, की अगं, ते गेले ना. दर वेळी तिला ती बातमी पहिल्यांदाच कळायची. ती रडायची. दहा मिनिटांत बातमी विसरून जायची, आणि जेवायला मात्र बसायची नाही. आम्ही म्हणायचो, हल्ली संध्याकाळी फार चिडचिड करते. हेन्रीचे वडील गेल्यावर तो त्याबद्दलची चिठ्ठी स्वतःजवळ बाळगायचा, असं वाचलं होतं. त्यामागचं कारण आता नीट कळलं.

तेव्हापासून आम्ही ते सांगणं सोडलं. ती विचारते, "हे आले नाहीत?" आतेभाऊ म्हणतो, "आई, बाबा बाजारातून काय आणायचे गं तुझ्यासाठी?" मग ती सांगते. सायकलला अडकवलेली पिशवी, तिच्यात केळीच्या पानात बांधलेली अबोली, आणि फुलं चुरगळतील म्हणून सगळ्यात वर ठेवलेली. काल पुन्हा सांगितलं म्हणे. सांगता सांगता दोन घास जास्त जेवली.