पाय कधी दुखतो, ते आधी सांगा

चैत्र पौर्णिमा झाली की आठ-दहा दिवसांत माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी गर्दी बदलते. कंबर आणि मान मागे पडतात, पाय पुढे येतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावागावांतून सप्तशृंगीच्या गडावर पायी गेलेली माणसं परतलेली असतात. कुणी अनवाणी गेलेलं, कुणी नव्याकोऱ्या बुटांत, आणि बरेच जण वर्षभरात एवढं कधी चाललेलेच नसतात. समोर बसता बसता प्रत्येकाचं बोट पायावर कुठेतरी टेकतं: "इथे दुखतं बघा." मी विचारते, कधी दुखतं?

हा प्रश्न लोकांना अवांतर वाटतो. पण एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, शिवाय शंभराहून जास्त स्नायू, त्यांना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि हाडांना हाडांशी जोडणारे बंध. अंगठा टेकवला तर त्याच्याखाली चार-पाच गोष्टी येतात. त्यातली नेमकी कुठली कुरकुरतेय, हे जागेपेक्षा वेळ अधिक खात्रीने सांगते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी वेळ म्हणजे सकाळ. पारोळ्याकडच्या एका मावशींनी ती एका वाक्यात सांगितली होती: "पाय खाले ठेवा का टाचमा काटाज टोचस." खाटेवरून उतरताना पहिल्या पावलाला जीव जातो, भिंत धरून दहा-वीस पावलं टाकली की कळ ओसरते. दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. एवढं ऐकलं की निदान जवळजवळ झालेलंच असतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा ताणलेला असतो, त्याला प्लांटार फॅशिआ म्हणतात. तो टाचेला जिथे चिकटतो, तिथे हे दुखणं असतं.

हा पट्टा काय करतो, ते आत्ताच बघता येईल. अनवाणी उभे राहा आणि पायाचा अंगठा हाताने वर उचला. तळव्याच्या आतल्या बाजूची कमान आपोआप उंच झालेली दिसेल. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तसा अंगठा वळला की पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, आखूड होतो आणि टाच व बोटं एकमेकांकडे ओढतो. सैल पाऊल क्षणात ताठ होतं आणि आपण पुढे ढकलले जातो. १९५४ साली हिक्स नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं. प्रत्येक पावलाला हा रहाट एकदा फिरतो. गडाच्या वाटेवर तो किती वेळा फिरत असेल!

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं आणि पट्टा तसाच आखडून राहतो. सकाळी सगळं वजन त्याच्यावर एकदम पडतं, म्हणून ती कळ. त्या मावशींच्या हातात एक्स-रे होता आणि कुणीतरी सांगितलं होतं, "टाचेचं हाड वाढलंय." या एका वाक्याने किती बायकांना घाबरवलंय! एक्स-रेत दिसणारा वाढलेल्या हाडाचा तो काटा टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या पायातही असतो. दुखणं जातं तेव्हाही काटा जागेवरच असतो. तो घासून काढायची गरज सहसा पडत नाही.

या दुखण्याला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. नावातल्या 'आयटिस'मुळे वाटतं की आत सूज आहे. २००३ साली टाचेच्या शस्त्रक्रियेत काढलेले ५० जणांच्या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा त्यांत सूज नव्हे तर झीज दिसली. म्हणून वेदनाशामक गोळी दोन दिवस बरं वाटायला लावते, पट्टा दुरुस्त करत नाही. त्याला हवा असतो माफक ताण, रोज, थोडा थोडा.

व्यायाम साधा आहे, पण खाटेवरून उतरण्याआधी करायचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला तर पट्टा खाटेच्या नवारीसारखा ताठ लागला पाहिजे, तो लागला नाही तर ओढणं कमी पडतंय. दहापर्यंत मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. दोन-तीन आठवड्यांनी पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, एक दिवसाआड. यात महिने जातात, आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारेच फार असतात. चिकाटी ठेवली तर दहातले आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं. पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी विरण्याची भीती असते. ही गादी विरली तर पुन्हा भरत नाही. तिचं दुखणं वेगळं ओळखू येतं: सकाळी ठीक, संध्याकाळी टाचेच्या ऐन मधोमध ठणका, फरशीवर जास्त. गॅसच्या ओट्याशी तासन् तास अनवाणी उभं राहणाऱ्या बायकांना मी आधी मऊ चप्पल घालायला सांगते. स्वयंपाकघरात चप्पल नको असेल तर ती घरातली वेगळी ठेवा, पण घाला.

टाचेच्या मागे, पोटरीच्या दोरीत कळ येत असेल तर मी हमखास एक विचारते: अलीकडे कुठली अँटिबायोटिक घेतली? सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्यांनी ही दोरी कमकुवत होऊ शकते, क्वचित तुटतेही. जुलाब लागले की मेडिकलमधून स्वतःच गोळी आणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात, त्यांची वेळ निराळी. धावताना दुखणं वाढत जातं, थांबल्यावर कमी होतं, आणि पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी असतं. हे बहुधा हाडाला गेलेला बारीक तडा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. म्हणून "एक्स-रेत काही नाही, धाव" म्हणणं चूक. भरतीची तारीख जवळ असते, पोरगं डोळ्यांत पाणी आणून विचारतं, आणि तरीही सहा आठवडे धावणं बंद करायला सांगावं लागतं.

मुरगळलेल्या घोट्याची वेळ सगळ्यांना ठाऊक असते. नांगरटीच्या ढेकळांतून जाताना किंवा केळीचा घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून निघताना पाय आत वळतो आणि घोट्याबाहेरचा बंध ताणला जातो. प्रश्न एकच, हाड मोडलंय का? कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली यासाठी साधा नियम तयार झाला आणि जगभर पारखला गेला. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांची मागची कड, खालची सहा सेंटीमीटर, बोटाने दाबून बघा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचा उंचवटा आणि आतल्या बाजूचा कमानीच्या वरचा उंचवटाही दाबा. यांतल्या कुठल्याही हाडावर कळ आली किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. नाहीतर बहुतेक वेळा गरज नसते. पायांना बधिरपणा असेल तर मात्र या नियमावर विसंबू नका.

पहिले दोन दिवस शेक नको आणि लचक काढायला चोळून घेणं तर नकोच. काही ठिकाणी बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधतात. त्या बांधणीने रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडू शकतो. हलकी पट्टी, पाय उंच, आणि सोसेल तसं लवकर चालायला लागणं बरं. मग सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. बंध ताणला गेला की घोट्याचा तोल सांभाळणारी जाणीव मंदावते, ती परत आणली नाही तर तोच पाय पुन्हा मुरगळतो.

मध्यरात्री अंगठ्याचं मूळ लालबुंद, चादरही सोसत नाही, असं कुणी सांगितलं तर ते गाऊट, म्हणजे युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक. त्यासाठी डॉक्टरांची औषधं उत्तम आहेत. माझी तक्रार पथ्याबद्दल आहे. घरात पहिली बंदी डाळीवर आणि उडदामुळे कळण्याच्या भाकरीवर येते. २००४ साली अमेरिकेतल्या ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. त्यात मटण-मासळीने धोका वाढलेला दिसला, डाळींसारख्या वनस्पतींनी नाही. याच अभ्यासगटात दारू आणि विशेषतः बियरनेही धोका वाढलेला आढळला. भाकरी खाऊ द्या.

सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, दोन्ही पायांचे छोटे सांधे सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी लांबवू नका. चिकुनगुन्यानंतरही घोटे महिनोन् महिने धरलेले राहतात.

आता राहिला तो माणूस, ज्याला मी अजून विसरलेले नाही. पायी जाऊन आलेल्या बायकोला घेऊन तो आला होता. वय पन्नाशीच्या पुढे, साखर जुनी. दारात त्याने चप्पल काढली तर फरशीवर रक्ताचा ठिपका उमटला. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा आरपार येऊन त्याच्या तळव्यात घुसला होता, आणि तो त्या चपलेवर तीन दिवस हिंडत होता. मी विचारलं, कधीपासून दुखतंय? तो हसून म्हणाला, "ताई, मना पाय ते दुखतच नही."

वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच ओळखलं होतं. बोटं आपोआप गळत नाहीत. संवेदना गेल्यामुळे जखमा कळत नाहीत आणि त्या जखमाच बोटं खातात. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला आज मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही दिल्या जातात. स्पर्श कळतो का ते बघायला मी त्या माणसाच्या तळव्यावर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवला. डोळे मिटून तो वाट बघत राहिला आणि म्हणाला, "लावा की आता." धागा तेव्हा वाकलेला होता.

त्याच दिवशी त्याला सर्जनकडे पाठवलं. जाताना बायकोला न्हाव्याकडे असतो तसला छोटा आरसा घ्यायला सांगितला. आता रोज रात्री जेवणानंतर ती त्याच्या तळव्याखाली आरसा धरते, बोटांच्या बेचक्या उघडून बघते, आणि सकाळी त्याने चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकते.